आईची चेन, साठ हजाराचा शो आणि भिंतीवरची म्हातारी

पत्र आलंय कोल्हापूरहून. बरंच मोठं होतं, थोडं कापून देते.

"ताई, वय २७. वडील बोर्ड पेंटर होते, फ्लेक्स आला आणि धंदा बसला, आता घरीच असतात. मी भिंती रंगवतो. शाळा, तालमी, आणि स्वच्छ सर्वेक्षणाच्या टायमाला कंत्राटदाराकडून महापालिकेच्या भिंती, स्क्वेअर फुटावर. त्यातून वेळ काढून, घरमालकांना विचारून, पेठेत माझ्या मनाची चार-पाच चित्रं काढलीत. त्यातली भाजीवाली म्हातारी इन्स्टावर लई फिरली. ती बघून मुंबईच्या एका गॅलरीवाल्याचा फोन आला. भिंतीवरच्या कलाकारांचा ग्रुप शो करतोय, सात दिवस. मी १२ कॅनव्हास द्यायचे, भिंतीवरचीच चित्रं लहान करून. सहभाग शुल्क ६० हजार, विक्रीतले ४० टक्के त्यांचे, फ्रेम आणि वाहतूक माझी. ओपनिंगला सगळ्यांसमोर लाइव्ह पेंटिंग करायचं, आणि चित्रं टी-शर्ट, मगवर छापायचे हक्क त्यांना. आई चेन गहाण ठेवायला तयार आहे. मित्र म्हणतो तू विकला गेलास, भिंतवाला एसीत गेला की संपला. वडील म्हणतात जा, भिंतीवरचं पावसात जातं, घरातलं राहतं. मी काय करू? आणि अहो-जाहो नको, धाकटा भाऊ समजून सांगा. – भिंतवाला"

बरं भिंतवाल्या, तू म्हणालास म्हणून अरे-तुरे.

आईची चेन आईच्या गळ्यातच राहू दे. बाकीचं आपण निवांत बोलू, पण हे पहिलं, आणि हे वाचलंस की आधी जाऊन तिला सांग की चेनचा विषय संपला, कारण आया असल्या गोष्टी आपल्याला न विचारता सोनाराकडे जाऊन करून येतात, आमच्या घरात झालेलंय.

मी लालबागची. १४ वर्षं फ्रेमिंगच्या दुकानात आणि मग गॅलऱ्यांमध्ये चित्रं टांगायच्या कामात काढली, म्हणजे भिंतीला खिळा ठोकणारी बाई, चित्रकार नव्हे. पण खिळा ठोकणाऱ्याला कोण येतं, कोण घेतं, कुणाचे पैसे मिळतात, कुणाचे बुडतात, हे सगळं दिसतं. त्यामुळे पहिल्यांदा हिशोब करू, कलेचं नंतर.

६० हजार शुल्क. १२ फ्रेमा, बरी फ्रेम दोन हजाराच्या खाली होत नाही, २४ हजार. कॅनव्हास, रंग, बाकी सटरफटर धर १२. मुंबईला येणं-जाणं, सात दिवस राहणं-खाणं, कितीही काटकसर केलीस, कुणा मित्राच्या खोलीवर पडलास तरी १४. झाले एक लाख दहा हजार. आता समज, तुझी बाराच्या बारा चित्रं पंधरा-पंधरा हजाराला गेली. एक लाख ऐंशी हजार. त्यातले ४० टक्के त्या भल्या माणसाचे, तुझ्या हातात एक लाख आठ हजार. म्हणजे सगळीच्या सगळी चित्रं विकूनसुद्धा तू दोन हजारांनी खड्ड्यात, आणि १२ चित्रं करायला तू दोन-तीन महिने काम सोडलंस ते मी धरलेलंच नाही. नवख्या माणसाची बाराच्या बारा चित्रं गेलेली मी १४ वर्षांत एकदाच पाहिली आणि तीसुद्धा दुबईच्या मामानं एकट्यानं घेतली होती.

आता गॅलरी म्हणजे काय प्रकार असतो ते समजून घे, कारण सगळ्यांना एकाच तराजूत तोलायचं नाही. एक असते भाड्याची. तू आठवड्याचं भाडं भरायचंस, हॉल तुझा, चित्रं तुझी, गिऱ्हाईक आलं तर तुझं, नाही आलं तर नशीब तुझं. यात लाजण्यासारखं काही नाही. मुंबईतलं जहांगीरच बघ ना, १९५२ साली सर कावसजी जहांगीरांच्या देणगीतून उभं राहिलं, त्यांच्या गेलेल्या मुलाच्या नावानं, तिथंही अर्ज करायचा, कामाचे फोटो द्यायचे, समितीनं पसंत केलं की भाडं भरून तारीख घ्यायची, आणि ती तारीख यायला वर्षं जातात, पोरांची लग्नं होतात तोवर. दुसरी असते कमिशनची. ती चित्रकार स्वतः निवडते, हॉलचा खर्च तिचा, लाइट तिचे, बोलावणी, वाइन, कॅटलॉग तिचा, आणि विकलं गेलं तर तीस-चाळीस, कधी पन्नास टक्के कापून घेते. पन्नास ऐकून पोटात गोळा येतो खरा, पण ती तुझ्यावर पैसे लावतेय, चित्र नाही खपलं तर तीही बुडते, म्हणून ती खपवायला धडपडते. आणि तिसरी, भाडंही तुझ्याकडून आणि कमिशनही तुझ्याकडून. तुझ्या गॅलरीवाल्याची ही तिसरी. शो उघडायच्या आधीच त्याचं पोट भरलेलं असतं, मग तुझं चित्र विकायला तो कशाला घसा कोरडा करेल? दहा जणांकडून साठ-साठ हजार घेतले की सहा लाख झाले, हॉलचं भाडं गेलं तरी उरले, शो त्याच्यासाठी तिथंच संपला.

तर या माणसाला नाही म्हण. गोड बोलून नाही म्हण, भांडू नकोस, 'शुल्क नसेल तर विचार करेन' एवढं लिही आणि गंमत बघ, एक तर फोन बंद होईल नाहीतर ६० चे २५ होतील. २५ झाले तरी नाहीच म्हण.

आता मित्राचं. तो म्हणतो विकला गेलास. अरे, त्याला विचार महापालिकेच्या भिंतीवर स्क्वेअर फुटानं आपण कमळं आणि कचऱ्याचे डबे रंगवतो तेव्हा काय असतो आपण, साधू? तेही विकणंच आहे की, फक्त रेट कमी आणि बिल सहा महिन्यांनी. रस्ता पवित्र आणि गॅलरी बाटलेली, हे जे काय आहे ना ते आपल्याकडचं नाहीच मुळी. आपल्याकडे रस्त्यावरचा पेंटर आणि दिवाणखान्यातला चित्रकार हा बऱ्याचदा एकच माणूस होता. तुझ्याच गावचे बाबूराव पेंटर, आडनाव मेस्त्री, नाटकांचे पडदे रंगवत रंगवत सिनेमात गेले आणि आपल्या सिनेमांची पोस्टरंही स्वतः रंगवली, आणि 'पेंटर' हा शब्द त्यांनी नावाला चिकटवून घेतला तो मिरवायला, लपवायला नाही. एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरायचे, १९४७ साली नव्या वळणाच्या चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपवाल्यांबरोबर उभे राहिले तेव्हा त्यांचा हात होर्डिंगवरच तयार झालेला होता, एवढ्या मोठ्या कापडावर न थरथरता एका दमात रेघ ओढायची सवय कुठल्या आर्ट स्कूलमध्ये लागत नाही. आणि तो बांद्रा रिक्लमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळक्यांचा भलामोठा चेहरा रंगवला ना २०१४ मध्ये, तो करणारे रणजित दहिया, तेही आधी घरांना चुना मारायची मजुरी करून आलेले.

मित्र बहुतेक अमेरिकेचे व्हिडिओ बघून बोलतोय. तर तिथलंही ऐक. ली किन्योनेस आणि फॅब फाइव्ह फ्रेडी ही न्यूयॉर्कची ग्राफिटीवाली पोरं, १९७९ मध्येच रोमच्या गॅलरीत त्यांचा शो झाला होता, म्हणजे हे 'रस्ता की गॅलरी' भांडण तुझ्या-माझ्या मित्रांनी नव्यानं काढलेलं नाही, ४० वर्षं वर झाली त्याला. कीथ हॅरिंगचं मला सगळ्यात आवडतं. न्यूयॉर्कच्या सबवेच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, स्टेशनात जाहिरातीची जागा रिकामी असली की तिथं काळा कागद चिकटवलेला असायचा, हा बाबा लोकलची वाट बघता बघता त्यावर पांढऱ्या खडूनं चित्र काढायचा, दोन मिनिटांत, पोलिसांनी कैक वेळा पकडला. १९८२ मध्ये गॅलरीत मोठा शो झाला, नाव झालं, आणि मग काय झालं तर लोक स्टेशनातले ते कागद सोलून घेऊन जायला लागले विकायला. म्हणजे यानं ज्या गर्दीसाठी काढलं तिला ते दिसेचना. मग त्यानं सबवेतलं काम थांबवलं, आणि १९८६ मध्ये स्वतःचंच दुकान काढलं, टी-शर्ट आणि बिल्ल्यांचं, की बाबांनो घ्या, ज्याला परवडेल त्यानं घ्या. त्यालाही 'विकला गेला' म्हणालेच लोक. पण दुकान त्याचं होतं, टी-शर्टवरचे हक्क त्याचे होते, हा फरक ध्यानात ठेव, पुढं लागणारे.

आणि दुसरा न्यूयॉर्कचाच बास्किया. रस्त्यावर मित्राबरोबर 'सेमो' नावानं वाक्यं लिहायचा, मग एका गॅलरीवालीनं त्याला आपल्या गॅलरीच्या तळघरात रंगवायला जागा दिली, रंग दिले, कॅनव्हास दिले, गिऱ्हाईकं खाली जाऊन त्याला रंगवताना बघायची. २७ व्या वर्षी ड्रग्जनं गेला तो, १९८८ मध्ये. त्यानं १९८२ साली केलेलं एक चित्र १९८४ च्या लिलावात १९ हजार डॉलरच्या आसपास गेलं होतं, तेच २०१७ मध्ये ११ कोटी डॉलरच्या वर गेलं. मधला पैसा कुणाचा? ज्यानं भिंतीवर टांगून ठेवलं त्याचा. हे मी तुला घाबरवायला सांगत नाहीये, तुझं वय २७ आहे म्हणून जरा अंगावर आलं इतकंच. आपल्या कायद्यात एक सोय आहे बरं का यासाठी, कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात कलम ५३क, मूळ चित्र पुढं दहा हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला त्यात वाटा मिळू शकतो, जास्तीत जास्त १० टक्के. कागदावर आहे, पण मी टांगलेल्या कुणालाही तो मिळालेला मी पाहिलेला नाही. तरी माहीत असू दे.

वडिलांचं म्हणणं मात्र मला पटतं, अर्धं. घरातलं राहतं हे खरंय. पण जे भिंतीवर होतं तेच घरात जात नाही रे, आणि इथंच तुझा गॅलरीवाला तुला खड्ड्यात घालतोय, साठ हजारांपेक्षा मोठ्या.

तू पाठवलेला फोटो मी मोठा करून बराच वेळ बघितला. म्हातारी उकिडवी बसलीय, पुढ्यात मेथीच्या जुड्या. डाव्या बाजूनं भिंतीवरून खाली येणारा पाण्याचा गंजका पाइप आहे, तो तू तिच्या हातातली काठी केलायस. पाइपाला जिथं जॉइंट आहे तिथं बरोबर तिची मूठ आलीय. आणि खाली ओल येऊन पोपडे सुटलेत ते तू झाकलेच नाहीस, पुट्टी मारली नाहीस, तिच्या लुगड्याचा काठ तिथं विरत नेलास, बघणाऱ्याला वाटतं लुगडंच जुनेरं आहे. समोर खऱ्या भाजीवाल्या बसलेल्या दिसतायत फोटोच्या कडेला. आता मला सांग, हे दोन बाय तीनच्या कॅनव्हासवर तू कसं नेणार? पाइप रंगवणार? तिथं पाइप रंगवलेला असेल, इथं पाइप पाइप आहे. ओल रंगवणार? एसी हॉलमध्ये पांढऱ्या भिंतीवर, वर फोकस लाइट, ती म्हातारी पोस्टकार्डावरची म्हातारी होईल, 'ग्रामीण स्त्री, ॲक्रिलिक ऑन कॅनव्हास', असल्या म्हाताऱ्या मी शेकड्यानं टांगल्यात आणि तितक्याच उतरवून बबल रॅपमध्ये परत बांधल्यात. लोकांना भिंत आवडली होती, आणि तो तुला भिंत सोडून ये म्हणतोय.

बोलोन्या म्हणून इटलीत गाव आहे. तिथं २०१६ मध्ये स्ट्रीट आर्टचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यासाठी भिंतींवरची चित्रं सोलून काढून हॉलमध्ये आणली, कलाकारांना न विचारता. तिथला ब्लू नावाचा चित्रकार, वीसेक वर्षं त्या गावाच्या भिंती रंगवत आलेला, त्यानं काय केलं, माणसं जमवली, करडा रंग आणला आणि आपलीच सगळी चित्रं पुसून टाकली. माझी तर छाती नाही झाली असती. पण मला त्याचं कळतं. तुला मी पुस म्हणत नाहीये हां, उगाच काहीतरी करून बसशील.

मग गॅलरीत न्यायचं काय? माझं उत्तर तुझ्या पत्रातच होतं, तू ते चौथ्या पानावर जाता जाता लिहिलंयस आणि तुला त्याचं काही वाटलेलंच नाही. 'माळ्यावर बाबांचे जुने पत्र्याचे बोर्ड आणि ब्रश पुसायची फळी आहे, आई भंगारवाल्याला द्यायची म्हणते.' अरे बाबा! ती फळी!

आमच्या चाळीखाली एक पेंटर बसायचे, दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, गणपतीत मंडळाचं स्वागत. त्यांच्याकडे अशीच एक फळी होती, रंग बदलायचा झाला की ब्रश तिच्यावर पुसायचे, रोज, पंचवीसेक वर्षं. ती फळी इतकी जाड झाली होती की मूळ लाकूड किती आणि रंग किती कळायचं नाही. एकदा पडून कोपरा तुटला तर आतून केकसारखे थर, तांबडा, पिवळा, तांबडा, काळा, मग खूप सारा भगवा, तो इलेक्शनचा म्हणाले. ते गेल्यावर पोरांनी टाकून दिली, आणि मी तेव्हा फ्रेमिंगच्या दुकानातच होते, मला अक्कल नव्हती, आजही हळहळ वाटते.

दिल्लीला हनीफ कुरेशी होते, २०२४ मध्ये गेले, लोधी कॉलनीच्या भिंती, आपल्याकडे ससून डॉकला २०१७ मध्ये मासळीच्या वासात भरवलेलं ते प्रदर्शन, हे सगळं करणाऱ्या संस्थेतले. त्यांचं एक काम असं होतं की गावोगावच्या बोर्ड पेंटरांकडून अक्षरं काढून घ्यायची, पूर्ण एबीसीडी, आणि तिचा कंप्युटरसाठी फॉन्ट करायचा, आणि फॉन्टला नाव त्या पेंटरचंच. पेंटर उमेश, पेंटर कफील, असं. ज्या कंप्युटरनं यांचं पोट मारलं त्याच्यातच यांना बसवलं. आता हा माणूस गॅलरीतही गेला आणि रस्त्यावरही राहिला, आणि त्याला कुणी विकला गेला म्हणाल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

तर तू कॅनव्हास आणूच नकोस. पत्रा घे. बाबांचा तोच पत्रा, गंज खरवडून, रेड ऑक्साइड मारून, ऑइल पेंटमध्ये, टोकाला चिंधी गुंडाळलेली हात टेकवायची काठी असते ना ती घेऊन, आणि अक्षरं बाबांना टाकायला लाव. माणसं तू काढ, अक्षरं त्यांची. हात थरथरत असेल त्यांचा आता, थरथरू दे, पत्र्यावर दिसू दे. त्या भाजीवालीचा बोर्ड कधी कुणी केलाय? पंक्चरवाल्याचा असतो, पिठाच्या गिरणीचा असतो, तिचा नसतो. तिच्या नावाची पाटी कर, तिला विचारून, आणि बाबांच्या अक्षरात 'आमची कोठेही शाखा नाही' लिही खाली, मला इथं बसून हसू येतंय. आणि भिंतीवरची म्हातारी तिथंच राहू दे, गॅलरीत फार तर एका पत्र्यावर बाण काढून पत्ता लिही तिचा, ज्याला बघायचीय तो येईल कोल्हापूरला.

मी काही चित्रकार नाही, तुला याहून चांगलं सुचेल. पण कॅनव्हासवर लहान केलेल्या भिंती नकोत एवढं मी छातीठोकपणे सांगते.

आता कागदपत्रांचं. कंटाळवाणं आहे, पण चहा घे आणि वाच. चित्र विकणं आणि चित्राचे हक्क विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रा कुणी विकत घेतला तरी त्याचे टी-शर्ट छापायचा हक्क आपोआप त्याला जात नाही, तो तू सही करून लिहून दिलास तरच जातो, तोंडी चालत नाही. लिहून देताना मुदत घातली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि मुलूख लिहिला नाही तर भारत. त्या माणसानं पाठवलेल्या कागदात बघ, 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' असे शब्द असतील, असतातच. पण याची दुसरी बाजूही ऐक, जी बऱ्याच भिंतवाल्यांना माहीत नसते. कुणी पैसे देऊन सांगून काढून घेतलेलं चित्र असेल आणि आधी वेगळं काही ठरलेलं नसेल, तर त्याचा कॉपीराइट पैसे देणाऱ्याचा. म्हणजे तुझ्या शाळा, तालमी, महापालिकेच्या भिंती बहुतेक तुझ्या नाहीतच, त्यांची चित्रं परस्पर शोमध्ये छापू-विकू नकोस. पेठेतल्या त्या चार-पाच तुझ्या, कारण त्याचे तुला कुणी पैसे दिले नव्हते. म्हणून पुढच्या कामाला व्हॉट्सॲपवर तरी लिहून घे की भिंत तुमची, डिझाइनचे हक्क माझे. घरमालकाची परवानगीही तोंडी ठेवू नकोस, दोन ओळी लिहून सही घे, आपल्याकडे मालमत्ता विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा आहे, आणि मालकाचा मुलगा मोठा झाला की बापानं काय कबूल केलेलं त्याला आठवत नसतं.

आणि हक्क विकले तरी एक गोष्ट तुझ्याकडेच उरते, नाव तुझं लागलं पाहिजे आणि कामाची नासधूस करून तुझी अब्रू घालवता येत नाही. अमरनाथ सहगल म्हणून शिल्पकार होते, दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं म्यूरल, म्हणजे भिंतीवरचं शिल्प, सरकारनं १९७९ मध्ये उतरवून गोदामात फेकलं, मोडलं-तोडलं. माणूस कोर्टात गेला, २००५ मध्ये निकाल लागला, उरलेले तुकडे परत आणि पाच लाख भरपाई. सरकारविरुद्ध! पण २६ वर्षं बघ मधली. म्हणून म्हणते आधी कागद.

कागद नसला की काय होतं ते माझ्या डोळ्यासमोरचं सांगते. एका गॅलरीनं (नाव नको) एका नाशिकच्या पोराची सहा चित्रं शो संपल्यावर 'गिऱ्हाईक आहे, राहू दे इथंच' म्हणून ठेवून घेतली. पावती नाही. आठ महिन्यांनी तो न्यायला आला तर चार निघाली. दोन कुठं गेली? विकली म्हणावं तर पैसे नाहीत, नाही म्हणावं तर चित्रं नाहीत. ती दोन चित्रं मीच बांधून टेंपोत ठेवली होती, मला माहीत होतं ती गेली, आणि मी गप्प बसले, नोकरी होती. तर पावती घे. किती नग, कुठला किती बाय किती, किंमत काय, विकल्यावर किती दिवसांत पैसे, न विकलेले कधी आणि कुणाच्या खर्चानं परत, आणि त्यांच्याकडे असताना भिजलं-मोडलं तर कोण भरणार. एवढ्यावर सही करायला जो कां-कूं करतो त्याच्याकडे चित्र ठेवायचं नाही.

किमतीचं विचारलंयस. याला सूत्र नाही. तोंड न दाखवता भिंती रंगवणारा इंग्लंडचा बँक्सी आहे ना, त्यानं २०१३ मध्ये न्यूयॉर्कला सेंट्रल पार्कपाशी एका म्हाताऱ्या माणसाला स्टॉलवर बसवलं आणि आपली खरी, सही केलेली चित्रं ६० डॉलरला एक अशी मांडली. दिवसभरात सगळे मिळून ४२० डॉलर गल्ला. लोक बघून पुढं गेले, एका बाईनं तर घासाघीस करून निम्म्या भावात घेतली. त्याच माणसाचं चित्र २०१८ मध्ये लिलावात दहा लाख पौंडांच्या वर गेलं आणि हातोडा पडल्या पडल्या फ्रेममधून खाली सरकत अर्ध्या चित्राच्या चिंध्या झाल्या, आणि त्या चिंध्या तीन वर्षांनी एक कोटी ८५ लाख पौंडांच्या वर गेल्या. कुणी कशाला मोजतं देव जाणे. तू सरळ हिशोब कर, या पत्र्याला किती दिवस लागले आणि तेवढे दिवस भिंतीवर असतास तर किती मिळाले असते, त्याच्या दुप्पट मांड, आणि गॅलरीत आणि घरी एकच किंमत सांग. गावात पाच आणि मुंबईत पंचवीस केलंस की एक दिवस गिऱ्हाईकच तुला पकडतं.

लाइव्ह पेंटिंग? पैसे देत असतील तर कर, नाहीतर वाइनचे ग्लास घेतलेल्या लोकांच्या सेल्फीत मागं उभं राहून रंगवण्यापेक्षा पाहुण्यासारखा जा, इस्त्रीचा शर्ट घाल आणि समोसे खा, समोसे चांगले असतात.

मुंबईच पाहिजे असं नाही पहिल्यांदा. तुझ्या दसरा चौकात शाहू स्मारकचं कलादालन आहे, तिथं भाडं भरून घे, मुंबईच्या मानानं तुला झेपेल. तिथं बाबांचे जुने गिऱ्हाईक येतील, बोर्ड ओळखतील, 'हा आमच्या दुकानाचा होता की' म्हणतील, एखादा भांडून परत मागेल. फोटो नीट काढून घे, ते घेऊन जहांगीरला अर्ज टाकून ठेव, लागेल तेव्हा लागेल. आणि येशील मुंबईला तेव्हा जहांगीरच्या दारात आधी थांब, आत जाऊ नकोस लगेच, बाहेर फुटपाथवर माणसं चित्रं मांडून बसलेली असतात, काही जण समोर बसवून पोर्ट्रेट काढून देतात. तुझ्या मित्रालाही आण बरोबर. तिथं एक तास बसा दोघं आणि त्यांच्याशी बोला, आतल्या-बाहेरच्या भानगडी माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत.

पत्रे तीन बाय दोनच्या आतच काप, म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बर्थखाली सरकतात, मोठे केलेस की टेंपो आला. कडा घासून घे, हात कापतात, आणि टांगायला मागं पट्टी रिव्हेट करून घे, मी सुटी घेऊन येईन टांगायला, चहा तुझा.

आणि ती फळी अजून घरात आहे का हे आधी कळव. असली तर पुसूबिसू नकोस, टर्पेंटाइन लांब ठेव, आणि आज रात्रीच माळ्यावरून काढून पलंगाखाली टाक, भंगारवाला सकाळी येतो.

– तुझी ताई